थोरल्या माधवरावांना झालेला पोटाचा टीबी नेमका काय असतो?

पानिपतात एक पिढी कापली गेली, त्या धक्क्यानं नानासाहेब पेशवे खचून गेले आणि १७६१ मध्ये गादीवर बसला १६ वर्षांचा मुलगा. थोरले माधवराव.

पुढच्या ११ वर्षांत या पोरानं जे केलं ते वाचून आजही चक्रावायला होतं. १७६३ ला गोदाकाठी, आजच्या बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनला निजामाला हरवलं. हैदर अलीला दोनदा नमवलं. सख्खे काका राघोबादादा उलटले, तर १७६८ ला धोडपला त्यांना हरवून शनिवारवाड्यात कैदेत ठेवलं.

१७७० मध्ये हैदरवर तिसरी स्वारी निघाली आणि शरीरानं साथ सोडली. मोहीम त्रिंबकराव पेठ्यांवर सोपवून माधवरावांना मागे फिरावं लागलं. आजार होता राजयक्ष्मा, म्हणजे आपला टीबी. तोही आतड्यांचा, असं मानलं जातं.

टीबी म्हटलं की आपल्याला खोकलाच आठवतो. पण केस आणि नखं सोडली तर तो कुठेही होऊ शकतो. मानेच्या गाठी, मणका, मेंदूचं आवरण, आतडी. आतड्यांच्या टीबीत पोट दुखत राहतं, बारीक ताप येतो, वजन उतरतं, कधी आतडं आक्रसून अन्नाची वाटच अडते. खोकला नाही, थुंकीची तपासणी निगेटिव्ह, मग अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाण्यात महिने जातात. खरी गोची इथेच होते. निदानासाठी सोनोग्राफी, सीटी स्कॅन लागतं आणि दुर्बिणीतून आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासतात. उपचार साधारण ६ महिने रोजच्या गोळ्यांचा, मेंदूच्या किंवा हाडांच्या टीबीत त्याहून जास्त. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो. बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या सोडल्या, तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

माधवरावांच्या हाताशी यातलं काहीच नव्हतं. रॉबर्ट कॉख यांना हा जंतू सापडला १८८२ मध्ये, तर त्यावरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, आलं १९४३ मध्ये.

१७७२ च्या सुरुवातीला महादजी शिंद्यांच्या बळावर बादशहा शाह आलम दिल्लीत परतला. पानिपतचा डाग पुसला गेला, तेव्हा पेशवे अंथरुणाला खिळत चालले होते. शेवटचे दिवस त्यांनी थेऊरला चिंतामणीच्या देवळात काढले. १८ नोव्हेंबरला ते गेले, वय २७. रमाबाई सती गेल्या. धाकटे भाऊ नारायणराव गादीवर आले आणि वर्षभराच्या आत शनिवारवाड्यात त्यांचा खून झाला.