समुद्राची बाजू मांडणाऱ्या बाई

समुद्र सगळे पोटात घेतो, माणसाने कितीही घाण केली तरी त्याचे काही बिघडत नाही, ही समजूत फार जुनी आहे. रॅचेल कार्सन या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनाही पन्नाशी गाठेपर्यंत जवळजवळ असेच वाटत होते. आज त्यांचे नाव डीडीटीच्या वादाशी जोडले जाते. पण या बाई मूळच्या समुद्राच्या. आणि गंमत म्हणजे बाविसाव्या वर्षापर्यंत त्यांनी समुद्र पाहिलासुद्धा नव्हता!

पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्प्रिंगडेल गावी २७ मे १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. पाखरे, ओढे, रानफुले यांची ओळख आईने करून दिली. लेखिका व्हायचे म्हणून कॉलेजात इंग्रजी घेतले आणि मध्येच त्या जीवशास्त्राकडे वळल्या. १९२९ च्या उन्हाळ्यात वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत गेल्या, तेव्हा समुद्र पहिल्यांदा दिसला.

पुढे वडील वारले, १९३७ मध्ये थोरली बहीण दोन मुली मागे ठेवून गेली. डॉक्टरेट राहून गेली आणि सरकारी मत्स्य खात्यातली नोकरी हाच घराचा आधार झाला. तिथे एका माहितीपुस्तिकेसाठी लिहिलेला मजकूर साहेबांनी परत केला. सरकारी कामासाठी तो फारच चांगला उतरला होता! त्यांच्याच सल्ल्याने तो ‘अटलांटिक मंथली’कडे गेला आणि १९३७ मध्ये छापून आला. असे साहेब सगळ्यांच्या नशिबी कुठले?

१९५१ मध्ये आलेले ‘द सी अराउंड अस’ हे पुस्तक ८६ आठवडे खपाच्या यादीत राहिले आणि बाईंनी नोकरी सोडली. उत्तर ध्रुवाकडचा समुद्र उबदार होत असल्याचे, कॉड मासा ग्रीनलंडपर्यंत सरकल्याचे त्यात वाचायला मिळते. कारण मात्र त्यांनी भरती-ओहोटीच्या दीर्घ चक्रांत शोधले. आजच्या तापमानवाढीला माणसाने जाळलेले इंधन जबाबदार आहे, हे त्या पुस्तकात नाही. उगाच त्यांच्या माथी द्रष्टेपण मारू नये.

त्यांचे मत पालटले ते अणुयुगाने. किरणोत्सारी कचरा पिंपांत भरून समुद्रात बुडवला जात होता. निसर्गाचा मोठा भाग माणसाच्या हाताबाहेर आहे हा विश्वास आता उरला नाही, असे त्यांनी १९५८ मध्ये मैत्रिणीला कळवले. १९६१ च्या आवृत्तीला नवी प्रस्तावना जोडून या कचऱ्याबद्दल उघड इशारा दिला. स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकाला असे ठिगळ लावायला धैर्य लागते.

‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ मध्ये आले. त्यात पाखरे आहेत तशी खाडीही आहे. फ्लोरिडात १९५५ मध्ये चावऱ्या माश्यांच्या अळ्या मारण्यासाठी सुमारे २,००० एकर खाजणात डिएल्ड्रिन हे विष टाकले. ११ लाखांहून अधिक मासे मेले. खेकड्यांनी त्या मरत्या माशांवर ताव मारला आणि दुसऱ्या दिवशी खेकडेही मेलेले आढळले. विष एका पोटातून दुसऱ्या पोटात कसे जाते, हे सांगायला आणखी काय हवे?

रासायनिक कंपन्या तुटून पडल्या. या काळात बाईंना स्तनाचा कर्करोग झाला होता, आणि तो त्यांनी लपवला. आजारी बाई रसायनांवर राग काढते आहे, असे म्हणायला विरोधकांना वाव द्यायचा नव्हता. मे १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींच्या शास्त्रज्ञ समितीने त्यांच्या बाजूने कौल दिला. जूनमध्ये त्या सिनेटच्या समितीपुढे बोलल्या, आणि १४ एप्रिल १९६४ रोजी ५६ व्या वर्षी गेल्या. त्यांची अर्धी रक्षा मेन राज्यातल्या आवडत्या किनाऱ्यावर विसर्जित केली.

त्यांच्यामुळे मलेरिया बोकाळला, असा आरोप अधूनमधून होतो. आपल्याकडे घरोघर भिंतींवर डीडीटी मारणारी माणसे ज्येष्ठ वाचकांना आठवत असतील, म्हणून हे सांगायला हवे. बाईंनी सरसकट बंदी मागितलीच नव्हती. वारेमाप फवारणीने डासच विषाला सरावतील, हे त्यांचे म्हणणे होते, आणि तसे झालेही.

अमेरिकेत १९७० मध्ये पर्यावरण संरक्षणाचे स्वतंत्र खाते निघाले. १९७२ मध्ये शेतीतल्या डीडीटीवर बंदी आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात दोन कायदे झाले: एक देवमासे, डॉल्फिन, सील यांच्या रक्षणाचा, दुसरा समुद्रात कचरा टाकण्यावर नियंत्रण आणणारा. मात्र किरणोत्सारी कचरा समुद्रात टाकण्यावर पूर्ण बंदीचा ठराव लंडन कराराच्या सदस्य देशांनी केला तो १९९३ मध्ये. बाईंच्या त्या प्रस्तावनेला तेव्हा ३२ वर्षे झाली होती.