संत जॉन ऑफ गॉड : मनोरुग्णांचा सोबती

दरवर्षी ८ मार्चला ख्रिस्तसभा संत जॉन ऑफ गॉड यांचा सण पाळते. रुग्णांचे व इस्पितळांचे आश्रयदाते म्हणून आपण त्यांना ओळखतो. मात्र एके काळी ते स्वतःच वेडे म्हणून कोंडले गेले होते, हे फारसे सांगितले जात नाही.

त्यांचा जन्म १४९५ साली पोर्तुगालमध्ये झाला. लहानपणीच घर सुटले आणि स्पेनमध्ये ते मेंढ्या राखू लागले. मेंढपाळाचे जिणे कसे असते हे आपल्या इंदापूर-बारामतीकडे कुणाला सांगायला नको. पुढे ते सैन्यात गेले, मोलमजुरी केली आणि चाळिशी ओलांडल्यावर ग्रानादा शहरात धार्मिक पुस्तके व चित्रे विकण्याचे दुकान थाटले.

तेथे संत सेबॅस्टियनच्या सणाला आविलाचे संत योहान यांचे प्रवचन ऐकून त्यांचा तोल गेला. केस उपटीत, चिखलात लोळत, रडत ते रस्त्याने फिरू लागले. दुकानातले सारे वाटून टाकले. पोरे दगड मारीत. शेवटी त्यांना राजाच्या इस्पितळात नेऊन टाकले. त्या काळी वेडावरचा उपचार म्हणजे हातपाय बांधून चाबकाचे फटके! काही जण म्हणतात की, त्यांनी वेडाचे सोंग घेतले होते. आम्हांला ही सारवासारव वाटते. संताचे मन आजारी पडले असेल तर त्यात कमीपणा कसला? मधुमेह झाला असता तर कुणी लपवला असता का? पण आपल्याकडे अजूनही येरवडा हे नाव टिंगलीसाठी घेतले जाते आणि ज्या घरात असा रुग्ण आहे ते घर गप्प बसते.

जरा सावरताच जॉन तेथल्याच रुग्णांची सेवा करू लागले. सुटल्यावर भाड्याच्या घरात त्यांनी रस्त्यावरचे आजारी, अपंग आणि वेडसर लोक आणून ठेवले. रात्री पाठीवर टोपली घेऊन ते त्यांच्यासाठी भीक मागत. डोक्यावर कर्ज कायम असे. त्यांच्या उरलेल्या पत्रांतून ती काळजी दिसते.

१५४९ साली राजाच्या त्याच इस्पितळाला आग लागली. जेथे फटके खाल्ले होते तेथे शिरून जॉननी रुग्णांना बाहेर काढले, असे त्यांचे चरित्र सांगते. हे वाचताना आम्हांला ६ ऑगस्ट २००१ ची आठवण होते. तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या निवाऱ्याला आग लागली आणि २८ जण मेले. साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळताच आले नाही. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई झाली.

पुराच्या पाण्यात बुडणाऱ्या एका मुलाला वाचवायला गेल्यावर जॉन आजारी पडले आणि ८ मार्च १५५० रोजी गुडघ्यांवर प्रार्थना करीत असतानाच वारले. १६९० मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले. त्यांच्या सोबत्यांचा पुढे संघ झाला. फ्रान्समधील शारांतोन येथे त्याच्या बंधूंनी मनोरुग्णांना सांभाळले. संघाचे बंधू गोव्यातही आले होते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला आपण जुन्या गोव्यात जातो, तेथील टेकडीवर संत मोनिकाच्या मठाजवळ त्यांनी १६८५ च्या सुमारास बांधलेला मठ आहे. पुढच्या वेळी तेवढी पायपीट जरूर करावी.