झाशीच्या रणापासून श्यामच्या घरापर्यंत : संगीतकार वसंत देसाई

सन १९५३. सोहराब मोदी यांचा 'झाँसी की रानी' आणि आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' हे दोन चित्रपट एकाच वर्षी पडद्यावर आले. पहिला भारतातला पहिला टेक्निकलर चित्रपट. त्याच्या छायाचित्रणासाठी 'गॉन विथ द विंड'चे छायालेखक अर्नेस्ट हॅलर यांना थेट हॉलिवूडहून पाचारण करण्यात आले होते. हत्ती, घोडे, तोफा आणि सैन्य असा सारा राजेशाही थाट. दुसरा कृष्णधवल. कोकणातले एक गरीब घर, एक आई आणि एक मुलगा एवढेच त्याचे विश्व. या दोन्ही चित्रपटांचे संगीतकार मात्र एकच होते, वसंत देसाई.

खान्देशच्या रसिकांना हे दोन्ही चित्रपट जवळचे वाटावेत, अशी कारणे आहेत. 'श्यामची आई'चे लेखक साने गुरुजी कोकणातले असले तरी त्यांची कर्मभूमी अमळनेर. १९२४ पासून तेथील प्रताप हायस्कूलमध्ये त्यांनी अध्यापन केले, वसतिगृहातील मुलांना आईची माया दिली आणि १९३० मध्ये नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली. १९३२ मध्ये विनोबांची गीता-प्रवचने त्यांनी लिहून घेतली ती धुळ्याच्या तुरुंगात, आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' कागदावर उतरली. झाशीच्या राणीची कथाही परकी नाही. १८५८ च्या एप्रिलमध्ये झाशी पडली, त्याच सुमारास सातपुड्याच्या रानात खाज्या नाईक आणि त्यांचे भिल्ल सैनिक इंग्रजी फौजेशी झुंजत होते.

वसंत देसाई यांचा जन्म ९ जून १९१२ रोजी तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील सोनवडे येथे झाला. दशावताराची परंपरा असलेला हा मुलूख. गायनाची आणि अभिनयाची ओढ त्यांना कोल्हापूरला, नव्यानेच स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीत घेऊन गेली. बोलपट अजून यायचा होता. 'खुनी खंजर' या १९३० च्या मूकपटात त्यांनी भूमिका केली. पुढे गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव या तीन दिग्गजांच्या हाताखाली ते चित्रपटसंगीताचे तंत्र शिकले. त्या काळी यासाठी शाळा नव्हती. प्रभात हीच शाळा होती.

शौर्यकथेला संगीत कसे द्यावे, याचा पहिला धडाही त्यांना बहुधा तिथेच मिळाला असावा. १९३६ चा 'अमर ज्योती' हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट म्हणजे समुद्री चाच्यांची साहसकथा. अन्यायाविरुद्ध पेटून उठलेल्या सौदामिनीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या, संगीत मास्टर कृष्णराव यांचे. त्यात शांता आपटे यांच्यासोबत देसाई यांनी गायलेले गीत आजही जुने रसिक आठवतात.

१९४२ मध्ये शांताराम यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर उभारले आणि देसाई त्यांच्यासोबत गेले. 'शकुंतला' (१९४३) गाजला. त्यानंतर १९४६ मध्ये आला 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. सोलापूरचा एक तरुण डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला जातो, युद्धभूमीवर जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये तिथेच देह ठेवतो. ही वीरगाथाच, पण तिच्या नायकाच्या हाती तलवार नाही, शस्त्रक्रियेची सुरी आहे. अशा नायकाला केवळ नगारे आणि तुताऱ्या शोभत नाहीत. वीरश्री म्हणजे गोंगाट नव्हे, ही जाण देसाई यांच्या पुढील साऱ्या कामात दिसते.

त्या काळचे पार्श्वसंगीत हा खरोखरच कसरतीचा प्रकार होता. फिल्म मिनिटाला नव्वद फूट या वेगाने धावे. लढाईचा प्रसंग किती फुटांचा, घोडा कोणत्या क्षणी उधळतो, तलवार कधी पडते, याचे गणित मांडून सुरावट बांधावी लागे. व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट वाजवणारे अनेक वादक गोव्याचे आणि स्वरलिपी वाचून वाजवणारे. सतार, सारंगी, शहनाईचे वादक कानावर आणि स्मरणावर भिस्त ठेवणारे. या दोन्ही पंगती एकत्र बसवून ध्वनिमुद्रण करायचे. एकाची चूक झाली की सर्वांनी पुन्हा वाजवायचे.

देसाई यांचा ओढा मात्र भारतीय वाद्यांकडेच राहिला. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) मध्ये त्यांनी शिवकुमार शर्मा या तरुण वादकाकडून संतूर वाजवून घेतले. 'गूँज उठी शहनाई' (१९५९) साठी तर साक्षात उस्ताद बिस्मिल्ला खाँ आले.

'झाँसी की रानी' तिकीटबारीवर कोसळला. मोदी यांचे मोठे नुकसान झाले. महंमद रफी यांच्या आवाजातील त्यातली गीते काही प्रमाणात लोकांच्या कानी राहिली, पण एवढ्या भव्य चित्रपटासाठी रचलेले वाद्यसंगीत चित्रपटाबरोबरच विस्मृतीत गेले. त्याच वर्षीच्या 'श्यामची आई'ला मात्र राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि आशा भोसले यांच्या स्वरातील 'भरजरी गं पीतांबर' घराघरांत पोचले. चार वर्षांनी 'दो आँखें बारह हाथ'लाही तेच पदक लाभले. त्यातली प्रार्थना देशभरातील शाळांनी आपलीशी केली. ती म्हणणाऱ्या बहुतेक मुलांना संगीतकाराचे नाव ठाऊक नसते, ही गोष्ट वेगळी.

रंगभूमीनेही त्यांना बोलावले. 'पंडितराज जगन्नाथ' आणि 'जय जय गौरीशंकर' या नाटकांचे संगीत त्यांचेच. १९६६ मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात जे 'मैत्रीं भजत' गायले, त्याची चालही देसाई यांनीच बांधली होती.

गाण्यांना तबकड्या लाभल्या, म्हणून ती टिकली. पार्श्वसंगीताच्या तबकड्या त्या काळी कुणी काढत नसे. ते केवळ चित्रपटाच्या फितीच्या कडेला असलेल्या ध्वनिपट्टीवर जगते. फीत गेली की तेही जाते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात ज्वालाग्राही नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातच्या काही चित्रपटांच्या मूळ फिती भस्मसात झाल्या. देसाई ज्या शाळेत घडले, तिचा हा ठेवा. रणांगणाच्या त्या सुरावटींचे कागदही कुणी निगुतीने जपायला हवे होते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

'आशीर्वाद' (१९६८) आणि 'गुड्डी' (१९७१) पर्यंत देसाई यांचा हात तितकाच ताजा होता. 'गुड्डी'ने वाणी जयराम यांचा आवाज हिंदी श्रोत्यांना दिला. २२ डिसेंबर १९७५ रोजी दिवसभराचे ध्वनिमुद्रण आटोपून ते मुंबईतील घरी परतले. इमारतीच्या लिफ्टमध्ये झालेल्या अपघातात त्यांचा जागीच अंत झाला. त्यावेळी ते ६३ वर्षांचे होते.