डॅनिएल बून : वाट पाडणारा भूमिहीन

अमेरिकेच्या इतिहासात अरण्यवीर म्हणून ज्यांची नावे घेतली जातात, त्यांत डॅनिएल बूनचे नाव अग्रभागी आहे. त्याची शिकार, त्याची बंदूक आणि त्याचे साहस यांच्या कथा आमच्या बालवाचकांपैकी काहींनी वाचल्या असतील. परंतु ज्या पुरुषाने सहस्रावधी कुटुंबांना केंटकीची वाट मोकळी करून दिली, त्याला त्या प्रदेशात अखेर एक एकरही जमीन उरली नाही, ही गोष्ट त्या कथांत क्वचितच आढळते. ती कळण्यासाठी पराक्रमाच्या गोष्टी बाजूला ठेवून आपणांस जुने दप्तर उघडावे लागते.

बूनचा जन्म इ. स. १७३४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका क्वेकर कुटुंबात झाला. शाळेचा संस्कार त्यास फारसा लाभला नाही. तो लिहीवाची शिकला खरा. पण त्याचे शुद्धलेखन जन्मभर स्वैरच राहिले. पुढे त्याचे कुटुंब उत्तर कॅरोलिनातील याडकिन नदीच्या खोऱ्यात येऊन राहिले. इ. स. १७५५ मध्ये जनरल ब्रॅडकच्या फसलेल्या स्वारीत तो गाडीवान होता. तेथे जॉन फिन्ली नावाच्या व्यापाऱ्याकडून त्याने डोंगरापलीकडील केंटकीचे वर्णन ऐकले आणि त्याच्या मनास त्या भूमीचे वेध लागले. इ. स. १७६९ मध्ये कंबरलँडची खिंड ओलांडून तो तेथे पोहोचला आणि जवळजवळ दोन वर्षे त्या रानातून हिंडला. इ. स. १७७३ मध्ये सहकुटुंब वसाहतीस निघाला असता वाटेतील हल्ल्यात त्याचा सोळा वर्षांचा ज्येष्ठ पुत्र जेम्स मारला गेला.

याच सुमारास रिचर्ड हेंडरसन या माजी न्यायाधीशाने काही भागीदार जमवून एक कंपनी उभारली होती. ट्रान्सिल्व्हेनिया कंपनी हे तिचे नाव. मूळ रहिवाशांकडून अफाट जमीन घाऊक घ्यावयाची आणि तुकडे पाडून ती वसाहतवाल्यांस विकावयाची, हा तिचा व्यवसाय. मार्च १७७५ मध्ये सिकॅमोर शोल्स येथे चेरोकी लोकांशी करार झाला. सुमारे दहा हजार पौंड किंमतीच्या मालाच्या बदल्यात कंपनीने सुमारे दोन कोटी एकर जमीन आपल्या नावे करून घेतली. ड्रॅगिंग कनू या तरुण चेरोकी नायकाने या सौद्यास कडाडून विरोध केला होता. त्याच रानात शिकार करणारे शॉनी लोक तर या करारात नव्हतेच. शिवाय, इ. स. १७६३ च्या राजाज्ञेने अशा खाजगी खरेदीस मनाई होती. कंपनीच्या कागदाचा पायाच असा भुसभुशीत होता.

तथापि, खरेदीखतावर सह्या होण्याच्या आधीच बून सुमारे तीस कुऱ्हाडवाल्यांसह रान तोडीत निघाला होता. सुमारे दोनशे मैलांची ती पायवाट पुढे ‘विल्डरनेस रोड’ म्हणून विख्यात झाली. वाटेत छापा पडला, माणसे दगावली. त्याच्या सोबत्यांत माघारी फिरण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा बूनने हेंडरसनला पत्र धाडून त्वरित येण्याची निकड कळविली. केंटकी नदीच्या काठी उभ्या राहिलेल्या ठाण्यास बूनचेच नाव मिळाले. हेंडरसनने तेथे रोजनिशी ठेविली, प्रतिनिधींची सभा भरविली, शंभर एकरांस एक पौंड या दराने विक्री चालविली आणि थोड्याच महिन्यांत दर अडीचपट केला. बूनच्या सेवेबद्दल भागीदारांनी त्यास दोन हजार एकर देण्याचे ठरविले.

हे दोन हजार एकर कागदावरच राहिले. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने इ. स. १७७८ मध्ये कंपनीची खरेदी रद्दबातल ठरविली. कंपनीच्या भागीदारांस दोन लक्ष एकरांची भरपाई मिळाली. कुऱ्हाड चालविणाऱ्या बूनच्या वाट्यास मात्र काही आले नाही.

पुढील वर्षी व्हर्जिनियाने नवा जमीन कायदा केला. प्रथम सरकारी हुकूम विकत घ्यावा, मग जागेची नोंद करावी, मग मोजणी आणि शेवटी सनद, असा तो चौपदरी क्रम होता. हुकूम आणण्यासाठी इ. स. १७८० मध्ये शेजाऱ्यांनी विश्वासाने बूनजवळ पैसा दिला. स्वतःचा व लोकांचा मिळून सुमारे वीस हजार डॉलरांचा हा ऐवज व्हर्जिनियातील एका खाणावळीत रात्री चोरीस गेला. काहींनी त्याच्यावरच संशय घेतला. परंतु ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीचा भागीदार टॉमस हार्ट याने, स्वतःचे नुकसान झाले असताही, भावास पत्र लिहून बूनच्या सचोटीची ग्वाही दिली. बूननेही पुढे अनेकांची भरपाई केली.

यानंतर बून स्वतःच मोजणीदार झाला आणि त्याने जमिनींचे व्यवहारही केले. त्याचे हात सर्वस्वी निर्मळ होते असे आम्ही म्हणणार नाही. त्याने गुलामही बाळगले होते. पण त्याच्या नाशाचे कारण निराळेच होते. त्या काळी सीमा झाडांच्या व ओढ्यांच्या खुणांवरून लिहीत. एकाच जमिनीवर दोघातिघांचे हक्क चढत. बूनच्या नोंदी ढिल्या, तर प्रतिपक्षाचे वकील चतुर. एकामागून एक दावे तो हरला. आपण केलेल्या मोजणीमुळे ज्यांचे नुकसान झाले, त्यांचीही देणी त्याच्या डोक्यावर चढली. इ. स. १७९८ मध्ये केंटकीने एका जिल्ह्यास त्याचे नाव दिले. पुढल्याच वर्षी तो केंटकी सोडून मिसिसिपीपलीकडे, स्पेनच्या अमलाखालील मिझूरीत गेला.

तेथे स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्यास सुमारे ८५० एकर जमीन देऊन ग्रामाधिकारी नेमले. पण इ. स. १८०३ मध्ये तो मुलूख अमेरिकेने विकत घेतला आणि नव्या चौकशी मंडळाने कागद पुरे नाहीत म्हणून इ. स. १८०९ मध्ये त्याचा हक्क फेटाळला. अखेर १८१४ मध्ये काँग्रेसने ती जमीन परत केली. ऐंशीच्या घरातील त्या वृद्धाने तिचा बहुतेक भाग विकून केंटकीतील जुनी देणी फेडली. इ. स. १८२० मध्ये, मुलगा नेथन याच्या घरी, त्याचा अंत झाला.

त्यानंतर लायमन ड्रेपर नावाचा एक संग्राहक पुढे आला. इ. स. १८५१ मध्ये त्याने नेथन बूनच्या घरी जाऊन त्याच्या आठवणी टिपून घेतल्या. गावोगावची पत्रे, रोजनिश्या, कंपनीची टिपणे त्याने आयुष्यभर गोळा केली. बूनचे चरित्र मात्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. त्याचे सुमारे पाचशे खंडांचे दप्तर विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे जतन केलेले आहे. हेंडरसनची रोजनिशी त्यातच आहे.

विद्यार्थी मित्रहो, ज्या कागदांनी बूनची जमीन हिरावली, तसल्याच कागदांनी त्याची सचोटीही आपणांस कळविली. कागद दुर्बलाच्या हाती नसेल तर त्यावर उलटतो. शॉनी व चेरोकी लोकांची भूमी तर अशीच गेली. त्यांच्या बाजूने त्या काळी लिहून ठेवणारे थोडे होते, म्हणून त्यांची हकीकत आपणांस बहुधा त्यांच्या विरोधकांच्याच दप्तरातून शोधावी लागते. यास्तव जुने दप्तर वाचताना त्यात कोणाची सही आहे हे पाहावे, तसेच कोणाची सही घेतलीच नाही हेही विचारावे. बूनच्या चरित्रापासून आम्हांस हाच बोध घ्यावासा वाटतो.