बाबासाहेबांनी ज्यांचे वकीलपत्र घेतले : र. धों. कर्वे

१४ ऑक्टोबर म्हटले की आपल्याला नागपूरची दीक्षाभूमी आठवते. धम्मदीक्षेच्या तीन वर्षे आधी, १९५३ साली, याच तारखेला रघुनाथ धोंडो कर्वे यांचे निधन झाले. आपल्या तरुणांपैकी फार थोड्यांना हे नाव ठाऊक आहे. म्हणूनच त्यांची ओळख करून द्यावी असे आम्हाला वाटले.

जन्म १४ जानेवारी १८८२ चा. वडील महर्षी धोंडो केशव कर्वे, स्त्रीशिक्षणाचे काम करणारे. रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले होते, म्हणजे कर्वे जगाच्या मागे नव्हते. त्यांच्या समाजाला मात्र ते झेपले नाहीत. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाईंनी त्यांना साथ दिली. दोघांनी ठरवून मूल होऊ दिले नाही.

१९२७ हे आपल्यासाठी महाडच्या सत्याग्रहाचे आणि ‘बहिष्कृत भारत’चे वर्ष. त्याच वर्षी जुलैमध्ये कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. गुप्तरोग, गर्भनिरोध, स्त्रीचा कामसुखाचा हक्क, सगळ्यावर ते सरळ मराठीत लिहीत. वाचक पत्रातून शंका विचारत, कर्वे उत्तरे छापत. आज जे प्रश्न मुले रात्री मोबाईलवर गुपचूप शोधतात, तेच प्रश्न तेव्हा पोस्टाने येत. फरक एवढाच, की उत्तर देणारा माणूस स्वतःच्या नावाने जबाबदारी घेत होता.

त्याची किंमत त्यांनी मोजली. १९३१ साली अश्लीलतेच्या खटल्यात त्यांना दंड झाला. १९३४ साली पुन्हा अटक झाली. यावेळी गुन्हा काय, तर हस्तमैथुन आणि समलैंगिकतेविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली!

तेव्हा कर्व्यांच्या बाजूने बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. अस्पृश्यांच्या लढ्याचा सगळा भार खांद्यावर असताना त्यांनी हे वकीलपत्र घेतले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता : लैंगिक विषयावर लिहिले म्हणून लेखन अश्लील ठरत नाही. लोकांच्या मनात विकृती असेल, तर ती ज्ञानानेच जाईल. मग विचारणाऱ्याला उत्तर का द्यायचे नाही? न्यायालयाला ते पटले नाही. खटला हरला, २०० रुपये दंड झाला. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १९३८ साली संततिनियमनाचा ठराव त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात मांडला. तोही फेटाळला गेला.

कर्व्यांनी मासिक तरीही चालूच ठेवले, मरेपर्यंत.

आता आपल्याकडे पाहू. आम्ही वस्त्यांमध्ये किशोरवयीन मुलामुलींसोबत काम करतो. पाळी, गर्भधारणा, संमती यांबद्दल त्यांना जे माहीत असते, ते बहुतेक पॉर्नमधून किंवा मित्रांकडून आलेले असते. विहारात हा विषय निघाला की मोठी माणसे खाली मान घालतात. जयंतीला डीजे चालतो, पण मुलीने गर्भनिरोधकाबद्दल विचारले तर तिच्या चारित्र्यावर चर्चा होते. बाबासाहेबांचा वारसा सांगणाऱ्या समाजाला हे शोभते का?

इंटरनेटवर खरी माहितीही आहे आणि कचराही. त्यातून निवड करायला शिकवणारे मोठे माणूस मुलांना हवे असते. येत्या वर्षावासात प्रत्येक विहारात एक रविवार यासाठी ठेवता येईल. एक पेटी, त्यात नाव न लिहिता टाकलेले प्रश्न, आणि उत्तरे द्यायला आपल्यातलीच एखादी डॉक्टर किंवा नर्सताई. पंचशीलातले तिसरे शील नीट समजून पाळायचे, तर आधी शरीर आणि संमती समजायला हवी.

ज्या प्रश्नांसाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले, ते प्रश्न आपल्या मुलांना आपल्यापुढे विचारता यावेत, एवढे तरी आपण करू.

जयभीम.