रॉबर्ट विल्सन : अणुबॉम्बच्या प्रयोगशाळेतून प्रोटॉन उपचारांपर्यंत

रेडिएशनची फाइल घेऊन येणारे नातेवाईक हल्ली प्रोटॉनबद्दल हमखास विचारतात. मध्यंतरी एका सात वर्षांच्या मुलीचे वडील आले होते. मेंदूच्या मागच्या भागातली गाठ ऑपरेशन करून काढली होती आणि आता डोक्यासह संपूर्ण पाठीच्या कण्याला रेडिएशन द्यायचं होतं. कुणीतरी त्यांना प्रोटॉनचं नाव सांगितलं होतं, खर्चाचा आकडाही सांगितला होता. शेत विकायचं की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी एमबीबीएस, जनरल प्रॅक्टिस करणारा. हा निर्णय कॅन्सरतज्ज्ञांचा, हे मी आधीच सांगितलं. पण प्रोटॉन म्हणजे काय हे समजावताना ज्या माणसाचं नाव घ्यावंच लागतं, तो डॉक्टर नव्हता. त्याने आयुष्यातली काही वर्षं अणुबॉम्ब बनवण्यात घालवली होती.

रॉबर्ट विल्सन यांचा जन्म ४ मार्च १९१४ रोजी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, फ्रंटियर नावाच्या गावी झाला. बालपण गुराढोरांच्या रँचवर गेलं. काही मोडलं तर आपणच दुरुस्त करायचं, ही सवय तिथली. पुढे ते बर्कलीला अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या प्रयोगशाळेत गेले. विद्युतभारित कणांना गोल गोल फिरवत प्रचंड वेग देणारं सायक्लोट्रॉन हे यंत्र लॉरेन्स यांचंच. तिथून विल्सनना दोनदा काढून टाकण्यात आलं. पहिल्यांदा एक रबरी सील हरवलं आणि देणगीदारासमोरचं प्रात्यक्षिक फसलं म्हणून. दुसऱ्यांदा वेल्डिंग करताना महागडी पक्कड वितळवली म्हणून. तरी १९४० मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि ते प्रिन्स्टनला गेले.

मग युद्ध आलं. १९४३ मध्ये लॉस अलामॉसला बॉम्बचं काम सुरू झालं, तेव्हा तिथे सायक्लोट्रॉन हवं होतं. हार्वर्ड विद्यापीठाकडे एक होतं. ते मागायला जे गेले, त्यांत विल्सन होते. बॉम्ब गुप्त असल्यामुळे खरं कारण सांगता येत नव्हतं. म्हणून कागदोपत्री बहाणा करण्यात आला, की सैनिकांच्या वैद्यकीय उपचारांसाठी यंत्र हवं आहे. पुढे काय घडलं ते पाहता, मला तरी हा प्रसंग विसरता येत नाही.

लॉस अलामॉसला विल्सन तिशीच्या आतच गटप्रमुख झाले. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला. ज्या भीतीने हे काम हाती घेतलं होतं ती संपली होती. पण विल्सन तिथून निघाले नाहीत. तेव्हाच काम सोडायला हवं होतं, ही खंत त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवली. हिरोशिमानंतर अणुशक्तीवर नागरी नियंत्रण असावं म्हणून शास्त्रज्ञांना संघटित करण्यात ते पुढे होते.

युद्ध संपल्यावर हार्वर्डने त्यांना बोलावलं आणि काम दिलं ते नेलेल्या यंत्राच्या जागी नवं, मोठं सायक्लोट्रॉन आखण्याचं. प्रोटॉन बाहेर निसटले तर किती जाडीची भिंत त्यांना अडवेल, याचा हिशेब करावा लागणार होता. प्रोटॉन पदार्थात किती आत जातात आणि कुठे थांबतात, याची ही आकडेमोड. भिंतीच्या जागी माणसाचं शरीर असेल तर, हा विचार त्यातून आला. १९४६ मध्ये रेडिओलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा जेमतेम पाच पानांचा लेख छापून आला. प्रोटॉन उपचारांची सुरुवात त्या पाच पानांत आहे.

लेखातली कल्पना समजायला एसटीचं उदाहरण घेऊ. एक्स-रेचा झोत म्हणजे प्रत्येक थांब्यावर प्रवासी उतरवत जाणारी गाडी. सगळ्यांत जास्त प्रवासी सुरुवातीच्या थांब्यांवर, म्हणजे त्वचेखाली थोड्याच अंतरावर उतरतात. गाठीजवळ काही उतरतात आणि उरलेले शरीराच्या पलीकडच्या बाजूपर्यंत उतरतच राहतात. प्रोटॉनच्या गाडीतून वाटेत थोडेच उतरतात. बहुतेक जण शेवटच्या थांब्यावर उतरतात आणि गाडी तिथून पुढे जातच नाही. या शेवटच्या उसळीला ब्रॅग पीक म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच विल्यम ब्रॅग यांनी अल्फा कणांमध्ये ती पाहिली होती. थांबा कुठे यायचा हे ऊर्जेवर ठरतं : ७० एमईव्हीचा प्रोटॉन पाण्यात सुमारे ४ सेंटिमीटर जातो, २०० एमईव्हीचा सुमारे २६. ही उसळी मात्र फार अरुंद असते आणि गाठ तेवढी पातळ नसते. विल्सननी त्यावरही उपाय लिहून ठेवला होता. झोतासमोर कमी-जास्त जाडीचं फिरतं चाक ठेवायचं, म्हणजे उसळी गाठीच्या जाडीएवढी पसरते. पुढे अनेक वर्षं अशीच चाकं वापरली गेली.

कल्पना तयार होती, पण गाठ नेमकी किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नव्हतं. सीटी स्कॅन रुग्णासाठी पहिल्यांदा वापरला गेला तो १९७१ मध्ये. म्हणून सुरुवातीची निशाणी कवटीच्या हाडांवरून जागा ठरवता येईल अशी होती. १९५४ मध्ये बर्कलीला पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये हार्मोन रोखण्यासाठी पिट्युटरी ग्रंथीवर प्रोटॉन दिले गेले. १९५७ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे उपचार सुरू झाले, १९६१ मध्ये हार्वर्डच्या यंत्रावर. थेट हॉस्पिटलमध्ये बसवलेलं पहिलं प्रोटॉन यंत्र कॅलिफोर्नियात लोमा लिंडाला आलं, १९९० मध्ये. लेख आणि हे यंत्र यांत ४४ वर्षं गेली.

विल्सन स्वतः यात फारसे नव्हते. १९४७ मध्येच, हार्वर्डचं यंत्र पूर्ण होण्याआधी, ते कॉर्नेलला गेले. १९६७ पासून शिकागोजवळची फर्मीलॅब उभी केली, मंजूर रकमेपेक्षा कमी पैशांत. तिथे त्यांनी गवे पाळले आणि स्वतः घडवलेली शिल्पं आवारात उभी केली. १९६९ मध्ये संसदेच्या समितीपुढे, देशाच्या संरक्षणाला या यंत्राचा काय उपयोग, असं विचारलं गेलं. उपयोग नाही, पण देश रक्षण करण्याजोगा राहावा म्हणून असं काम लागतं, अशा आशयाचं उत्तर त्यांनी दिलं. १९७८ मध्ये पुरेसा निधी मिळत नाही म्हणून त्यांनी संचालकपद सोडलं. लोमा लिंडाचं यंत्र मात्र याच फर्मीलॅबमध्ये तयार झालं.

आता चर्चा आहे ती फ्लॅशची. नेहमी काही मिनिटं चालणारा डोस सेकंदाच्या अंशात द्यायचा, सेकंदाला ४० ग्रे किंवा त्याहून जास्त वेगाने. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की अशाने गाठीवर तेवढाच परिणाम होतो, पण निरोगी फुप्फुस वाचतं. अमेरिकेत हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या १० रुग्णांना प्रोटॉनने फ्लॅश देऊन झालं आहे. असं का होतं, याचं पक्कं उत्तर अजून नाही. त्यामुळे आज कुणी फ्लॅश नेहमीचा उपचार म्हणून विकत असेल, तर पाकीट खिशातच ठेवा.

प्रोटॉनचंही तसंच, प्रत्येक गाठीला त्याचा फायदा नाही. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये आधुनिक एक्स-रे रेडिएशनशी थेट तुलना झाली, तेव्हा मोठा फरक दिसला नाही. पण त्या मुलीची गोष्ट वेगळी होती. कण्यावर मागून एक्स-रे दिले, की पुढचं हृदय, फुप्फुसं, आतडी यांनाही डोस बसतो, आणि तिच्यापुढे अख्खं आयुष्य होतं. वडिलांना मी शेत विका असं म्हटलं नाही. चेन्नईत २०१९ पासून खासगी केंद्र आहे. खारघरला टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉन सुरू झाले आहेत. आधी फाइल तिथे दाखवा, योजनांची चौकशी करा आणि तोवर सांगितलेलं रेडिएशन लांबवू नका, एवढं लिहून दिलं. या गाठीत उशीर महागात पडतो.

विल्सन १६ जानेवारी २००० रोजी इथाका इथे गेले. फर्मीलॅबच्या आवारातल्या जुन्या दफनभूमीत त्यांना पुरलं आहे. त्यांनी आखलेलं हार्वर्डचं सायक्लोट्रॉन त्यानंतरही दोन वर्षं रुग्णांसाठी चालू होतं. २००२ मध्ये ते बंद केलं, तोवर ९ हजारांहून अधिक रुग्णांनी त्यावर उपचार घेतले होते.