नाईकांचा वाडा आणि मोरोपंत : एक चरित्रविचार

मराठी वाङ्मयेतिहासात मोरोपंतांचे नाव निघाले की प्रथम त्यांच्या ग्रंथसंख्येचा उल्लेख होतो. अठरा पर्वांचे आर्याभारत, अष्टोत्तरशत रामायणे म्हणून ख्यात असलेला रचनासमूह, उत्तरवयातील केकावली ही नावे सर्वपरिचित आहेत. परंतु हा कवी कोणाच्या आश्रयाने राहिला आणि कोणासमोर बसून बोलला, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. पंतांच्या काव्यावर पांडित्याचा आणि कृत्रिमतेचा जो आक्षेप घेतला जातो, त्याची तपासणी या प्रश्नापासूनच सुरू करावयास हवी.

पंतांचे घराणे पराडकरांचे, मूळचे कोकणातील सौंदळ येथील. त्यांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळगडावर झाला. तेथेच केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंपाशी त्यांचे संस्कृत काव्य-व्याकरणाचे अध्ययन झाले. वडील रामजीपंत बारामतीस बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयास होते. वयाच्या चोविशीच्या सुमारास पंतही गड सोडून बारामतीस आले. वारणा, कृष्णा आणि नीरा ओलांडून कऱ्हेच्या काठी झालेले हे स्थलांतर त्यांच्या आयुष्यातील निर्णायक प्रवास ठरले.

ज्या घराच्या छायेत ते आले, ते घर सामान्य नव्हते. बाबूजी हे मोठे सावकार आणि पेशव्यांचे सोयरे. बाळाजी विश्वनाथांची कन्या भिऊबाई ही बाबूजींचे बंधू आबाजी यांना दिलेली होती. असे असूनही १७४० मध्ये बाजीरावांच्या निधनानंतर रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने बाबूजी पेशवेपदाचे इच्छुक म्हणून पुढे आले आणि शाहू महाराजांनी ते पद नानासाहेबांना दिले. म्हणजे सोयरीक आणि स्पर्धा या दोहोंनी पुण्याशी बांधलेले हे घर होते. पंत पेशवाईच्या ऐन काळात वावरले. पण त्यांची बैठक पुण्याच्या दरबारात नव्हती, ती बारामतीच्या वाड्यात होती.

या वाड्यात पंतांचे काम पुराणिकाचे. पुराणिकाला कथा सांगावयाची असते. तिच्यात ओघ लागतो, संवाद लागतात, आणि श्रोता रोज पुन्हा येऊन बसावा अशी गोडी लागते. पंतांनी आर्या वृत्त, त्यातही प्रत्येक अर्धात तीस मात्रांचा गीती हा प्रकार, कथनासाठी हाती घेतला तो याच गरजेतून, असे मानण्यास जागा आहे. गणवृत्तात लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो. आर्येत मात्रांचा हिशेब सांभाळून बोलण्याच्या लयीला मोकळीक मिळते. ओष्ठ्य वर्णांवाचून रचलेले निरोष्ठरामायण किंवा परंतुरामायण यांतील कसरत जाणत्या श्रोत्यांच्या कौतुकासाठी आहे, हे खरेच. तथापि आर्याभारतातील संवाद वाचताना समोर बसलेली सभा जाणवते. पांडित्य आणि लोकरंजन या दोन्ही मागण्या एकाच बैठकीतून आलेल्या आहेत.

उत्तरवयात पंतांनी काशीयात्रा केली. त्या काळी ही यात्रा म्हणजे कित्येक महिन्यांचा प्रवास. निघालेला मनुष्य परत येईलच अशी खात्री नसे. पंत परतले ते पुन्हा बारामतीसच. केकावलीतील पृथ्वीवृत्तातली आर्तता मात्र सभेसाठी नाही. तेथे पुराणिक श्रोत्यांकडे पाठ करून एकट्या देवाशी बोलतो. आश्रयदात्याच्या घरी आयुष्य घालविलेल्या या कवीने अखेरचे मागणे कोणापाशी मागितले, हे येथे दिसते. १५ एप्रिल १७९४ रोजी बारामतीतच त्यांचे निधन झाले.

कवी एका गावी स्थिरावला. काव्य मात्र फिरत राहिले. सोलापूरचे शाहीर रामजोशी पंतांच्या भेटीनंतर कीर्तनाकडे वळल्याची आख्यायिका आहे आणि त्यांनी पंतांच्या आर्या कीर्तनातून गाइल्या. पुढे १८५४ मध्ये परशुरामतात्या गोडबोले यांच्या नवनीतातून पंत शाळेच्या वर्गात पोहोचले. तेथे श्रोत्याची जागा परीक्षार्थ्याने घेतली. ऐकण्याची रचना अन्वयासाठी वाचली जाऊ लागली, तेव्हा तिच्यातील समास तेवढे उरले आणि आवाज हरवला. पंतांवरील कृत्रिमतेच्या आक्षेपाचे एक मूळ या स्थित्यंतरात आहे. कऱ्हाकाठच्या त्या बैठकीचे भान ठेवून आर्या मोठ्याने वाचल्यास त्या आक्षेपाची धार पुष्कळच बोथट होते.